शेपूट, नळी आणि योग्य पद्धत

कुत्र्याचं शेपूट सहा महिने नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण मराठी माणूस अशा खात्रीने वापरतो, की जणू नळी अजून त्याच्या माळ्यावर ठेवलेली आहे. खरं तर ती कुत्र्यासाठी क्वचितच वापरली जाते. मेव्हणा, भाडेकरू, नगरसेवक आणि दहावीतला मुलगा हे तिचे नेहमीचे धनी. तरी म्हण कुत्र्याच्या नावावर असल्यामुळे बदनामी होते त्याची. एक प्रयोग म्हणून तिच्याकडे पाहिलं तर तिच्यात दोन ढोबळ चुका आहेत. पहिली ही की शेपटाचा वाक हा हाडांचा मामला आहे, वागणुकीचा नव्हे. वर्षभर शिकवूनही विद्यार्थ्याचं नाक सरळ झालं नाही म्हणून मास्तरांचा पगार कापावा, तसा हा निकाल. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. शेपूट नळीत असताना त्या सहा महिन्यांत कुत्रा काय काय शिकला, याची नोंद कुणीच ठेवलेली नाही. तो शिकला असणारच. नळी दिसली की पलंगाखाली कसं जायचं, नळी आणणाऱ्याच्या चपलांचा आवाज जिन्यातच कसा ओळखायचा, आणि त्याच्या पोटरीला दात लावायचे तर नेमके कधी, एवढा अभ्यासक्रम सहा महिन्यांत सहज पुरा होतो. शेपूट वाकडं राहिलं म्हणून कुत्रा अडाणी राहिला असं होत नाही. परीक्षकाने पेपर दुसऱ्याच विषयाचा काढला होता, एवढंच.

म्हणीच्या विरुद्ध टोकाला आजचे श्वानप्रशिक्षक उभे आहेत. त्यांचं म्हणणं असं, की योग्य पद्धत वापरली तर कोणताही कुत्रा शिकतो. वाक्य ऐकायला इतकं आश्वासक आहे, की माणूस लगेच आगाऊ रक्कम भरतो. पण त्यातला ‘योग्य’ हा शब्द जरा नखाने खरवडून पाहावा. कुत्रा शिकला तर पद्धत योग्य होती. नाही शिकला तर ती योग्य नव्हती. म्हणजे हे विधान खोटं ठरण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. काही वैद्यांच्या पथ्यासारखं हे आहे. गुण आला तर तो पुडीचा, नाही आला तर रोग्याने कुठे तरी वांगं खाल्लं असणार. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा आहे. पण त्यानंतर ‘योग्य पद्धत असेल तर कोणताही रेडा घनपाठी होतो’ असं विधान काही त्यांनी केलं नाही, आणि रेड्यांचा वर्गही काढला नाही. चमत्कार आणि पद्धत यांतला फरक त्यांना ठाऊक होता. प्रशिक्षणाच्या जाहिरातीत मात्र दोन वेगळी विधानं एकाच पट्ट्याला बांधून फिरवली जातात. ‘प्रत्येक कुत्रा शिकतो’ हे एक, आणि ‘प्रत्येक कुत्रा आपल्याला हवं ते शिकतो’ हे दुसरं. पहिलं शंभर टक्के खरं आहे, दुसरं खरं नाही, आणि या धंद्यातली सगळी फी या दोहोंच्या मधल्या फटीतून येते.

पहिलं विधान खरं असल्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अपघातानेच सापडला. इव्हान पावलोव्ह या रशियन शरीरशास्त्रज्ञांना 1904 मध्ये नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांना काही शिकवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना जठररस आणि लाळ मोजायची होती. पण खाणं समोर येण्याआधी, नुसती खाणं आणणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं आणि मोजमापाचा बट्ट्याबोळ झाला. पावलोव्ह मोठे म्हणून त्यांनी त्या बट्ट्याबोळावरच पुढचं आयुष्य घालवलं. म्हणजे कुत्र्याच्या शिक्षणाच्या शास्त्राची सुरुवातच मुळी कुणी न शिकवता शिकून बसलेल्या कुत्र्यांपासून होते. आपल्याकडे हा प्रयोग रोज दाराशी चालतो. बेल वाजते, कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकतो, कुरिअरवाला ओटीपी विचारतो, पाकीट देतो आणि जातो. आपल्या लेखी तो काम झालं म्हणून गेला. कुत्र्याच्या लेखी तो भुंकल्यामुळे गेला. कुत्र्याच्या वहीत या उपायाचं यश शंभर टक्के आहे, कारण आजवर एकही कुरिअरवाला आत येऊन सोफ्यावर कायमचा राहिलेला नाही. असा उपाय सोडून देऊन गप्प बसावं, असं त्याला पटवणारा प्रशिक्षक पुरावा कोणता देणार?

याहून पक्कं शिक्षण जेवणाच्या टेबलाखाली होतं. घरात नियम कडक असतो: जेवताना कुत्र्याला काही द्यायचं नाही. नियम सगळ्यांना मान्य असतो आणि तो सर्वांत ठासून आजोबांनी मांडलेला असतो. आता टेबलावरून नजर जरा खाली न्यावी. आजोबांचा उजवा हात आमटीभात कालवतो आहे, डोळे दूरदर्शनच्या बातम्यांवर आहेत, चेहऱ्यावर देशाची चिंता आहे, आणि डावा हात पोळीचा पापुद्रा दोन बोटांत धरून गुडघ्याशेजारी लोंबतो आहे. खाली त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून कुत्रा बसला आहे. तो मागत नाही, हलत नाही, ओठ चाटण्यापलीकडे काही करत नाही. तुकडा रोज मिळत नाही. कधी दुसऱ्या घासाला मिळतो, कधी ताकभाताला, कधी मुळीच नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरं घेऊन दाखवून दिलं, की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, बेभरवशाने मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय कितीतरी चिवट असते. मुंबईच्या माणसाला हे सांगायला स्किनरची गरज नव्हती. मटका रोज लागत नाही म्हणूनच तो सुटत नाही. टेबलाखालचा कुत्रा आकड्याची वाट पाहत बसलेला असतो. त्याला बेशिस्त म्हणणं अन्यायाचं आहे, कारण एवढी चिकाटी त्याला पगारी शिक्षकाकडून कधीच शिकता आली नसती.

इथे कुणी म्हणेल, की हा तर पद्धतीचाच विजय झाला. चुकीची पद्धत घरात चालते, योग्य पद्धत आणली की झालं. आक्षेप बरोबर आहे, पण ती पद्धत राबवणार कोण? कुत्र्यासमोर एक शिक्षक नसतो, समिती असते. बाबा ‘सिट’ म्हणतात, आई ‘बस खाली’ म्हणते, मुलगी ‘बैस ना रे शोन्या’ म्हणते, आणि आजी ‘उभा राहू दे गं, पाय दुखतील त्याचे’ असा स्थगिती आदेश देते. कुत्र्याला भाषा कळत नाहीत असं मात्र समजू नये. बुडापेस्टच्या संशोधकांनी 18 कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि त्यांना ‘द लिटल प्रिन्स’ या पुस्तकातला उतारा स्पॅनिशमधून आणि हंगेरियनमधून ऐकवला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ओळखीची भाषा आणि परकी भाषा यांना कुत्र्याचा मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देतो. तेव्हा मराठी घरातल्या कुत्र्याने इंग्रजीतून येतो तो हुकूम आणि मराठीतून येते ती तडजोड, असं स्वतःचं व्याकरण बसवलं असेल तर नवल नाही. शिवाय कुत्र्याचं शिक्षण जागेला आणि माणसाला चिकटून बसतं. हॉलमध्ये शिकलेलं ‘सिट’ पार्किंगमध्ये पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. म्हणूनच आठवड्यातून तीनदा येणाऱ्या प्रशिक्षकापुढे कुत्रा साधूसारखा बसतो, प्रशिक्षकाची स्कूटर फाटकाबाहेर पडते आणि साधू सोफ्याची उशी फाडायला घेतो. त्याला शिकवलेलं सगळं आठवत असतं. त्यातला ‘हे गृहस्थ असताना’ हा भागसुद्धा आठवत असतो.

समजा, समितीही सुधारली. आजोबांचा डावा हात टेबलावर आला, सगळं घर ‘सिट’वर एकमताने ठरलं. तरीही ‘हवं ते शिकतो’ हे दुसरं विधान खरं होत नाही, आणि याची कबुली दिली ती खुद्द स्किनरच्या शिष्यांनी. केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने जाहिराती आणि खेळांसाठी प्राणी शिकवण्याचा व्यवसायच काढला होता. 38 जातींचे 6,000 हून जास्त प्राणी हाताखालून गेल्यावर 1961 मध्ये त्यांनी आपल्या फजितीचा एक लेख लिहिला. एका रकूनला त्यांनी नाणं उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं. एक नाणं होतं तोवर जमलं. दोन दिल्यावर रकून ती एकमेकांवर घासत बसायचा, गल्ल्यात अर्धी बुडवायचा, पुन्हा बाहेर काढायचा, एखाद्या सावकारासारखा. बक्षीस हुकत असूनही नाणी हातची सुटेनात. अन्न पाण्यात चोळून धुतल्यासारखं हाताळण्याची त्याच्या जातीची सवय शिकवणुकीवर मात करून गेली. डुकरांनाही लाकडी नाणी गल्ल्यात टाकायला शिकवली होती. काही आठवड्यांनी ती नाणी वाटेतच टाकून मुसंडीने उकरत बसायला लागली. ब्रेलंड दांपत्याने या घसरणीला शास्त्रीय नाव दिलं. मराठीत ते आधीच तयार होतं: ये रे माझ्या मागल्या. महत्त्वाचं हे, की हे सांगणारी माणसं नवशिकी नव्हती आणि पद्धतही चुकीची नव्हती. पद्धत अंगापर्यंत पोचली, पण अंगात आधीच कुणी राहत होतं.

कुत्र्यांच्या बाबतीत हा आधीचा भाडेकरू म्हणजे त्यांची जात, आणि ती आपणच घडवलेली आहे. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने 1994 च्या पुस्तकात, आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या सुमारे दोनशे परीक्षकांची मतं घेऊन, कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली. पहिला आला बॉर्डर कॉली, शेवटचा अफगाण हाउंड. वरच्या गटातले कुत्रे नवा हुकूम पाचाहून कमी खेपांत शिकतात आणि पहिल्याच हाकेला 95 टक्के वेळा पाळतात. तळाच्या गटाला ऐंशी-शंभर खेपा लागतात आणि पहिल्या हाकेला ते जेमतेम 25 टक्के वेळा दाद देतात. घरातल्या माणसांना हाच निकष लावला तर अफगाण हाउंड कुटुंबातला सर्वांत आज्ञाधारक सदस्य ठरेल, तो भाग वेगळा. पण क्रमवारीचा अर्थ नीट लावायला हवा. बॉर्डर कॉलीला पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळाच्या शिटीकडे कान लावून काम करायला तयार केलं. अफगाण हाउंडला धन्याच्या कितीतरी पुढे धावून, सावजामागे कुठे वळायचं ते स्वतःच ठरवायला तयार केलं. आपल्याकडचा मुधोळ, म्हणजे लातूर-सोलापूरकडचा कारवान, त्याच पंथातला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला तो ससा दिसताच सुटणाऱ्या वेगासाठी. माळावर ससा उठल्यावर धन्याच्या परवानगीची वाट पाहणारा शिकारी कुत्रा त्या काळी बिनकामाचा ठरला असता. आता तोच कुत्रा फ्लॅटमध्ये आणायचा, खाली बागेत खार दिसल्यावर तो हाक न ऐकता पळाला की ‘ऐकतच नाही’ म्हणायचं, आणि प्रशिक्षक बोलवायचा. तो ऐकतो आहे. फक्त शंभर पिढ्यांपूर्वी दिलेला हुकूम ऐकतो आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप पोलिसी कुत्र्यांचा. 1993 च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या श्वान पथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्राडोरने 3,000 किलोहून जास्त आरडीएक्स हुडकून काढलं. 2000 साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. आता सांगा, शिक्षणाने काय होत नाही? होतं, पण जंजीर हा शिक्षणाइतकाच निवडीचाही पुरावा आहे. कोचिंग क्लासच्या जाहिरातीत गुणवंतांचे फोटो असतात. प्रवेश परीक्षा घेऊन आधीच कोणाला आत घेतलं आणि अर्ध्या वाटेवर कोण गळालं, त्यांचे फोटो नसतात. कामाच्या कुत्र्यांतही गळती मोठी असते, आणि ती अगदी मातब्बर संस्थांत असते. 2017 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने लुलू नावाच्या लॅब्राडोर कुत्रीला स्फोटकं हुंगण्याच्या प्रशिक्षणातून काढून टाकलं. कारण इतकंच, की तिला त्यात रस नव्हता. खाऊ दाखवून झाला, खेळ करून झाले, बाई ढिम्म. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड पोलिसांचा गॅव्हेल हा जर्मन शेफर्ड नापास झाला. तो लोकांशी फारच प्रेमाने वागत होता. पैसा, पद्धत आणि पगारी माणसं यांची जिथे वाण नाही तिथे ही कथा. योग्य पद्धतीने सगळं होत असतं तर लुलूला काढण्याऐवजी सीआयएने पद्धत बदलली असती. त्यांनी कुत्रा बदलला. जगभरातल्या अनुभवी संस्था हेच करतात, आणि हाच त्यांचा खरा अभिप्राय समजावा.

दुसरा आक्षेप चेझरचा. अमेरिकेतल्या या बॉर्डर कॉलीला 1,022 खेळण्यांची नावं येत होती, आणि ती शिकवली होती जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापकांनी. उदाहरण खरं आहे आणि थक्क करणारं आहे. फक्त त्याची किंमत पुढे सांगितली जात नाही: दिवसाला चार-पाच तास, तीन वर्षं. तेव्हा ‘योग्य पद्धत’ या शब्दांत एक निवृत्त प्राध्यापक, त्यांची रिकामी दुपार आणि हजारभर खेळणी ठेवायला घर, हे सगळं धरलेलं आहे. दोन खोल्यांच्या घरात हजार खेळणी आली तर कुत्र्याला नावं पाठ होण्याआधी घरच्यांना घर सोडावं लागेल.

मग तिसरा पक्ष दंडुका घेऊन पुढे येतो. लाड पुरे, कुत्र्याला आपण टोळीचे नायक आहोत हे दाखवून द्या, म्हणजे तो नमतो. या मताचा उगम बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणात आहे, आणि ते लोकप्रिय करण्यात ज्यांच्या 1970 च्या पुस्तकाचा मोठा हात होता, त्या डेव्हिड मेक यांनीच पुढे ते मागे घेतलं. रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि पोरं, असं त्यांनी 1999 मध्ये लिहिलं. नायक म्हणजे मारामारी जिंकलेला गुंड नव्हे, तर घरातला बाप. दंडुका हा नळीचाच मोठा भाऊ आहे. त्याने कुत्रा शिकत नाही असं नाही. दंडुका कुणाच्या हातात आहे आणि तो कधी घरी नसतो, एवढं तो उत्तम शिकतो. भीतीने भरलेल्या डोक्यात तर दुसरं काही शिरतच नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्यापुढे जगातलं सर्वांत योग्य बिस्किट धरून पाहावं. तो त्याकडे बघणारही नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसांची, आवाजांची, वाहनांची जी ओळख होते तिच्यावर पुढचं बरंच उभं राहतं, आणि ते आठवडे ज्याचे पिंजऱ्यात गेले त्याला पुढे सगळं थोडं हप्त्याहप्त्याने आणि व्याजासकट शिकावं लागतं. याउलट केवळ प्रेमाने सगळं साधतं म्हणणाऱ्यांनी नामदेवांची कथा आठवावी. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. अध्यात्मात याला तोड नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो चोरीवर तूप वाढण्याचा प्रकार झाला. अर्थात नामदेवांना कुत्रा सुधारायचाच नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्या कथेत दोघेही सुखी आहेत.

मग शिकवणं सोडून द्यावं का? मुळीच नाही. म्हणीची बाजू घेण्यासाठी हा प्रपंच नाही. बहिरे कुत्रे हाताच्या खुणांवर शिकतात, म्हातारे कुत्रे शिकतात, आणि ज्यांना कुणीच कधी शिकवलं नाही ते गल्लीतले कुत्रे तर सगळ्यांहून शहाणे निघतात. मटणाच्या दुकानाचं फळकूट कधी उघडतं, घंटागाडी कोणत्या वळणावर थांबते, कोणता वॉचमन काठी नुसती आपटतो आणि कोणता खरंच मारतो, हे त्यांना पाठ असतं. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, भटक्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून अनोळखी माणसाने एकाकडे बोट दाखवलं. निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत, पण जे आले त्यांतले सुमारे 80 टक्के दाखवलेल्या भांड्याकडेच गेले. जवळ न आलेल्या निम्म्यांनाही नापास म्हणता येत नाही. अनोळखी माणसाच्या हाताचा त्यांचा अभ्यास आधीच झालेला होता. तेव्हा अडचण शिकण्याची कधीच नव्हती. पट्टा न ओढता चालणं, घर घाण न करणं, हाक मारली की निदान वळून पाहणं, एवढं बहुतेक कुत्र्यांना सावकाश शिकवता येतं. त्यापुढे हट्ट कुत्र्याशी करायचा, की कामाशी, हे ठरवावं लागतं. गॅव्हेलचं पुढे काय झालं ते इथे उपयोगी पडेल. पोलिसांनी काढलेल्या त्या कुत्र्याला क्वीन्सलंडच्या राज्यपालांनी आपल्या निवासस्थानी ठेवून घेतलं, रीतसर पद दिलं, आणि आल्यागेल्याचं स्वागत हेच त्याचं काम ठरवलं. ज्या गुणाने तो नापास झाला त्याच गुणावर त्याला सरकारी नोकरी लागली. पद्धत तीच, कुत्रा तोच. फक्त प्रश्नपत्रिका त्याच्या विषयाची निघाली.

म्हणून खऱ्या प्रशिक्षकाने दारावर पाटी लावावी ती अशी: ‘आमच्याकडे प्रत्येक कुत्रा शिकतो. काय शिकेल, ते कुत्रा पाहून सांगू. नळी सोबत आणू नये. घरात आजोबा असल्यास फी दुप्पट.’